झग्यावरच्या सह्या

सही मागितली असती तर माझ्या नवऱ्याने एका पायावर दिली असती. अडचण नेमकी तीच होती, आणि ती त्याला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले होते.

आमची लेक गब्दू तेव्हा नुकती पालथी पडायला लागली होती. दुसरं मूल इतक्यात नको हे आमचं दोघांचं ठरलेलं होतं, आणि त्यासाठी तांबी बसवून घ्यायची हे माझं ठरलेलं होतं. दवाखान्यात नावसुद्धा घालून झालं होतं. तेवढ्यात सभागृहापुढे तो नवा नियम आला. तांबी असो, गर्भ पाडणं असो, नाहीतर ऑपरेशन असो, बायकांच्या असल्या कुठल्याही उपचाराला यापुढे नवऱ्याची सही लागणार. नवरा नसेल तर बापाची, बाप नसेल तर भावाची. बातमी लागली तेव्हा आम्ही जेवत होतो. मी हातातला घास हातातच धरून बसले. नवऱ्याने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "एवढं काय त्यात? मी आहे ना. करीन की सही."

हे तो प्रेमाने म्हणाला. तो सगळंच प्रेमाने म्हणतो.

माझा नवरा लिफ्ट तपासतो. गावातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्टमध्ये आरशाशेजारी एक कार्ड लावलेलं असतं, त्यावर आधी तारीख, मग 'तपासले, ठीक आहे' आणि मग त्याची ती लांबलचक, शेपटी काढलेली सही. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या मैत्रिणी कुठल्याशा इमारतीत वर-खाली करून ती सही बघून आल्या होत्या आणि "अक्षरावरून तरी माणूस बरा वाटतो" असा निकाल देऊन मोकळ्या झाल्या होत्या. त्याच्या लेखी सही म्हणजे हक्क नव्हे, काळजी. मी बघितलंय, दोर धड आहेत, निर्धास्त आत या.

"मी लिफ्ट आहे का?" मी विचारलं.

"तसं नाही गं."

"मग माझे दोर तू कशाला तपासतोस?"

तो हसला. तो हसला की गब्दू हसतेच, तशी ती पण हसली, आणि विषय संपला. म्हणजे त्याचा संपला.

भांडायला समोर एखादा दुष्ट माणूस तरी हवा. इथे हा असा! गब्दूला आंघोळ घालणारा, तिची ढेकर निघेपर्यंत खांद्यावर टाकून घरभर फिरणारा, माझं डोकं दुखायच्या आत गोळी शोधून ठेवणारा. "मी तुला कधी नाही म्हटलंय का?" असं तो विचारायचा, आणि खरंच म्हटलेलं नव्हतं. "नाही म्हटलं नाहीस," मी म्हणायचे, "पण 'हो' तरी तू का म्हणायचंस?" यावर तो माझ्याकडे असा बघायचा, की जणू मी चालू लिफ्टच्या आत उभी राहून लिफ्ट बंद आहे म्हणतेय. मला काही करून हे त्याला दिसायला हवं होतं. नियम होवो न होवो, मला याच माणसाबरोबर राहायचं होतं, आणि आयुष्यभर त्याच्या होकारावर जगायचं नव्हतं.

दरम्यान माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, कंबर कसली होती.

ताई परफॉर्मन्स करते. म्हणजे नेमकं काय करते ते आईला अजून कळलेलं नाही. "नाटक म्हणावं तर पडदा नाही, सर्कस म्हणावी तर तंबू नाही," असं आई म्हणते आणि शिवणयंत्र जोरात चालवते. एकदा ताई भरबाजारात दिवसभर वजनकाट्यावर बसून राहिली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "आणखी किती कमी करू?" असं विचारत होती. फळवाल्याने काटा परत मागितला तेव्हा तिने त्यालाही तेच विचारलं. तो म्हणाला, "बाई, काट्याचं भाडं कमी करत नसतो." ताईच्या मते तो त्या परफॉर्मन्समधला सगळ्यात चांगला क्षण होता.

या वेळी तिने आईच्या शिवणाच्या दुकानात बसून सगळं समजावून सांगितलं. सभागृहात ज्या दिवशी नियमावर चर्चा, त्या दिवशी समोरच्या चौकात एक खुर्ची. खुर्चीवर बाई, अंगात पायघोळ पांढरा झगा, शेजारी स्टुलावर पेनं. बाईला काहीही करायचं असलं, पाणी प्यायचंय, मान वळवायचीय, नाक खाजवायचंय, तर तिने मोठ्याने तसं म्हणायचं आणि कुणीतरी येऊन झग्यावर सही केल्याशिवाय हलायचं नाही. सही पुरुषाचीच. बाईची चालणार नाही.

"आणि कुणीच आलं नाही तर?" आईने तोंडातल्या टाचण्या काढत विचारलं.

"तर नाक खाजत बसायचं."

"हे असलं बघायला लोक थांबतात?"

"आई, नियम झाला तर माझी सही कोण करणार, माहितीये?" ताईचं लग्न झालेलं नाही, बाबा गेल्याला वर्षं झाली, आम्हाला भाऊ नाही. "चुलतभाऊ. तो! स्वतःचे मोजे सापडत नाहीत म्हणून बायकोला ऑफिसातून फोन करतो, तो माझ्या पोटाचा निर्णय घेणार."

"आणि माझी?" आईने विचारलं.

ताई माझ्याकडे बघून हसली. "तुझी जावईबापू करतील. तारखेसकट."

आईचं शिवणयंत्र थांबलं. जावयावर तिचा जीव आहे, त्याच्या शर्टाची गुंडी तुटली की ती माझ्याआधी तिला दिसते. तरी ती म्हणाली, "ते कोण लागून गेले?" आणि झग्यासाठी कपाटातलं ठेवणीतलं सुती कापड काढलं. सह्यांसाठी कापड वाया जाणार म्हणून तिचा जीव खालीवर होत होता, पण कापलं तिने तेच.

चर्चेच्या आदल्या दिवशी ताईचे डोळे आले.

लाल, सुजलेले, चिकटलेले. काळा गॉगल लावून ती दुकानाच्या दारातच उभी राहिली. गब्दूला लागण होईल म्हणून आत येईना. तिथूनच म्हणाली, "अशा डोळ्यांनी मी लोकांना जवळ बोलावू? सह्या करता करता अख्खं गाव आंधळं होईल. झगा आपल्या दोघींच्या मापाचा आहे. तू बस."

"मी?"

"तुला नुसतं बसायचंय. कामावर तू दिवसभर बसतेसच ना!"

मी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते, सध्या रजेवर आहे. बसायची सवय आहे हे खरं, पण तिथे माझ्याकडे कुणी बघत नाही, दातसुद्धा माणसांशिवाय येतात. मी नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात नवरा गब्दूला घ्यायला आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बस की! मी बघतो गब्दूला. दूध काढून ठेव, मी वाटीने पाजीन. जा तू बिनधास्त, माझं काही म्हणणं नाही."

माझं काही म्हणणं नाही. ताईने गॉगल किंचित खाली करून माझ्याकडे बघितलं. मी आईला म्हटलं, "झगा छातीत उसव. बाळंतिणीचं माप वेगळं असतं."

सकाळी बसले तेव्हा आधी हसूच येत होतं. सभागृहाच्या पायऱ्या समोर, डावीकडे बसथांबा, उजवीकडे छापखाना. ताई पलीकडच्या फुटपाथवर गॉगल लावून गुप्तहेरासारखी उभी. आई दुकान बंद ठेवून आली होती, स्टुलावर पेनांचा ट्रे तिनेच नीट मांडला आणि माझ्या मैत्रिणींच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली. पायापाशी पुठ्ठा होता, त्यावर ताईच्या अक्षरात खेळाचा नियम.

"मला पाणी प्यायचंय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"मोठ्याने!" ताई पलीकडून ओरडली.

"मला पाणी प्यायचंय! कुणी सही कराल का?"

बसथांब्यावरचा एक गृहस्थ आला, पुठ्ठा वाचला, मान हलवली आणि बाहीवर सही करून गेला, माझ्याकडे न बघता, जणू दारावर टपाल घेत होता. मी पाणी प्यायले. असं आहे होय, मला वाटलं, सोपं तर आहे.

मग ते सोपं राहिलं नाही. एकाने विचारलं, "आत्ता तर प्यायलीस, लगेच कशाला?" एकाला माझा नवरा काय करतो ते जाणून घ्यायचं होतं. एक आजोबा फार गोड होते. दर वेळी स्वतः काठी टेकत यायचे, सही करायचे, माझ्या डोक्यावर हात ठेवायचे आणि "पी हो बाळ" म्हणायचे. त्यांच्यावर मी मनापासून खूश होते, आणि तरी ते बाकावर डुलक्या घ्यायला लागले तेव्हा माझा घसा सुकला. छापखान्यातून शाईच्या हातांचा एक तरुण आला. त्याने पुठ्ठा दोनदा वाचला आणि छाती पुढे काढून म्हणाला, "मी सही करणार नाही. तत्त्व म्हणून. तुमचं तुम्ही प्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो खूश होऊन गेला. मी मात्र तहानलेलीच राहिले.

"अगं, आण इकडे, मी करते," एक केस पिकलेल्या बाई पुढे आल्या. "शाळेची हेडबाई होते मी. माझ्या सहीशिवाय एक पोरगं वरच्या वर्गात जात नव्हतं!"

"तुमची चालत नाही, बाई."

"का?"

"बाईची चालत नाही."

"आणि हा?" त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बोट केलं. "याला मी सांगितल्याशिवाय स्वतःचा रक्तदाब कळत नाही."

"त्यांची चालेल."

नवरोबा कानकोंडे होऊन पुढे आले. सही करताना त्यांनी बायकोकडे बघून घेतलं. "कर, कर," बाई म्हणाल्या, "परवानगी आहे." चौकात हशा पिकला. सगळ्यांचे दात दिसले, आणि त्यातले निदान दोन संच आमच्याकडचे होते हे मी खुर्चीतून ओळखलं. पण हसताना मान वळवायला मला सही लागली असती.

हळूहळू झगा निळा होत गेला. मांडी, बाह्या, पाठ. माझ्या अंगावर इतकी माणसं वावरून गेली होती की हे कापड माझं आहे असं वाटेना. खेळ आहे, मी मनात म्हणत होते, मी उठले तर कोण अडवणार? तरी उठले नाही. समोर दार बंद होतं आणि आत चर्चा चालू होती. तिथला खेळ संपवणं माझ्या हातात नव्हतं.

आणि मग मला गब्दूचं रडणं ऐकू आलं.

आपल्या मुलाचं रडणं बसच्या हॉर्नमधूनही ओळखू येतं. नवरा गर्दीतून वाट काढत येत होता, शर्टाची एक बाजू दुधाने भिजलेली, केस विस्कटलेले, हातात लालबुंद, कमानीसारखी ताठ झालेली गब्दू. "घेत नाही गं! वाटीने नाही, चमच्याने नाही! सगळं माझ्या अंगावर! घे, घे तिला!"

पलीकडून ताई दोन्ही हात हलवून फुली दाखवत होती. थांबव, सोड, ऊठ. माझे हात आपोआप वर आले होते. मी ते खाली ठेवले. का ठेवले ते मला आजही धड सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की त्याच्या चेहऱ्याकडे बघताना वाटलं, आत्ता नाही तर हे याला कधीच दिसणार नाही.

"मला माझ्या मुलीला पाजायचंय," मी मोठ्याने म्हटलं. "कुणी सही कराल का?"

चौकातल्या माना आमच्याकडे वळल्या. गब्दू रडतच होती.

"अगं, घे ना!" नवरा म्हणाला. मग त्याने पुठ्ठा बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. एवढंच ना! "आण, करतो की मी!"

एका हातावर रडणारी गब्दू, दुसऱ्या हातात पेन, असा तो जागा शोधायला लागला. मांडीवर जागा नव्हती, बाह्या भरलेल्या. तो माझ्याभोवती एक चक्कर मारून आला, पाठ बघितली, शिवणी बघितल्या, बघता बघता मान तिरकी केली. हे मी ओळखत होते. कामावर तो असाच बघतो. शेवटी गळ्याखाली एक पांढरा चौकोन उरला होता, तिथे तो वाकला आणि लिहायला लागला.

आधी तारीख.

मग, देवाशप्पथ, हात सवयीने चालत गेला आणि त्याने लिहिलं, 'तपासले, ठीक आहे.'

जवळच्या कुणीतरी ते मोठ्याने वाचलं. आधी खसखस पिकली, मग हेडबाईंचा आवाज आला, "अहो, बायको आहे की लिफ्ट? पोर रडतंय तिकडे!" पण सही अर्धी झाली होती, आणि अर्धी सही सोडणं हे त्याच्या रक्तात नाही. तो ती लांबलचक सही पुरी करत होता. गब्दू त्याच्या हातावरून माझ्याकडे झेपावत किंचाळत होती, मी मांडीवर हात ठेवून बसले होते, आणि आमच्या दोघींच्या मध्ये त्याची सही चालली होती. शेपटी राहिली होती.

तेव्हा मला पान्हा फुटला.

तो कधी फुटतो ते कळतं, थांबवता येत नाही. आतून मुंग्या आल्यासारखं होतं आणि मग ऊब. झग्याच्या पुढच्या बाजूला दोन ओले गोल उमटले, मोठे झाले, एकमेकांना मिळाले, वर गळ्याकडे सरकले. आणि त्याच्या पेनाखालीच, त्याच्या डोळ्यांदेखत, 'ठीक आहे' फिकट झालं आणि गेलं. मग 'तपासले'. मग तारीख. निळी शाई नुसती पसरली नाही, विरून गेली, जणू तिथे कुणी काही लिहिलंच नव्हतं.

"आता या दुधाला कुणी सही दिली हो?" हेडबाई म्हणाल्या, पण या वेळी हळू.

"अगंबाई," आईचा आवाज. ती गर्दीतून पुढे आली होती, तोंडावर पदर. "पेनं मी बदलली गं. थोरलीने पक्क्या शाईची आणली होती. एवढं चांगलं कापड! म्हटलं खुणा करायची पेनं ठेवावीत, पाणी लागलं की जातात. धुऊन पुन्हा नेसता... घालता आलं असतं."

"आई!" ताई गॉगल सावरत धावत आली, अर्ध्यावर आठवण होऊन थांबली आणि लांबूनच म्हणाली, "आई, तू ना... तू ना..." गॉगलखालून पाणी येत होतं. डोळे आल्यामुळेही असेल.

नवरा पेन हातात धरून वाकलेलाच होता. शेपटी त्याने काढली नाही. तो आधी माझ्या ओल्या छातीकडे बघत होता, मग माझ्या मांडीवर ठेवलेल्या हातांकडे, मग माझ्याकडे. मला वाटतं, मी त्याची सही पुरी व्हायची वाट बघत बसले होते हे त्याला त्या क्षणी दिसलं. पान्हा थांबला नव्हता, मी थांबले होते. त्याचे कान लाल झाले. पेन त्याने ट्रेमध्ये ठेवलं नाही, तसंच जमिनीवर पडू दिलं, आणि गब्दूला माझ्या मांडीवर दिलं. दिलं म्हणजे अगदी हळू, दोन्ही हातांनी.

मी तिला घेतलं. खुर्चीतच पाजायला बसले. हेडबाईंनी आपली शाल काढली आणि "हे पांघरूण आहे, परवानगी नव्हे" असं बजावून माझ्या खांद्यावर टाकली. बायका भोवती येऊन उभ्या राहिल्या. पुरुष काय करावं ते न कळून आपापल्या चपलांकडे बघत होते. काठीवाले आजोबा जागे झाले, विचारायला लागले, "पाणी हवंय का बाळाला?" कुणीच हसलं नाही. गब्दू हुंदके देत देत पीत होती, एक पाय माझ्या मांडीवरच्या कुणाकुणाच्या सह्यांवर आपटत.

दुपारी सभागृहाचं दार उघडलं. निर्णय झाला नव्हता, चर्चा पुढच्या बैठकीवर ढकलली होती. आमच्यामुळे असं मी म्हणणार नाही. आतल्या कुणी खिडकीतून बघितलंसुद्धा नसेल. ताई म्हणाली, "पुढच्या वेळी मी बसणार, आणि पेनं मी स्वतः मांडणार." आई म्हणाली, "तीच ठेव ना, छान तर झालं." त्या दोघी त्यावरून भांडत घरी गेल्या.

संध्याकाळी आमच्या घरी नवऱ्याने गब्दूला आंघोळ घातली, पावडर लावली, दुपटं बदललं, सगळं नेहमीसारखं. शेवटी तिची पावलं हातात धरून तो म्हणाला, "मला वाटायचं, मी चांगला आहे ना, मग झालं."

"आहेसच चांगला."

"त्याने काही होत नाही पण." त्याने गब्दूच्या पावलाचा मुका घेतला. "मी एवढा वेळ लावला. ती रडत होती आणि मी तारीख टाकत होतो."

"सवय आहे तुला."

"तू उठली का नाहीस?"

"तू तपासत होतास ना मला," मी म्हटलं, आणि मग आम्हाला दोघांनाही हसू आलं, आणि मग मला रडू आलं, आणि गब्दू आळीपाळीने दोघांकडे बघत राहिली, आता आपण कुणासारखं करायचं म्हणून.

मी काही त्यावर विसंबून राहिले नाही. चांगल्या माणसाला एका संध्याकाळी जे वाटतं ते पुढच्या आठवड्यात टिकेलच असं नाही. सवय मोठी चिवट.

दवाखान्याचा दिवस आला. आम्ही तिघंही गेलो. काउंटरवरच्या बाईंनी माझं नाव शोधलं, मला कागद दिला, मी सही केली. मग त्यांनी तोच कागद फिरवून नवऱ्यापुढे सरकवला. "इथे तुम्ही."

"लागते का?" त्याने विचारलं.

"अजून नियम नाही झालेला. पण वरून सांगितलंय, नवरा बरोबर असेल तर घेऊन ठेवा. पुढेमागे भानगड नको. अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

मी त्याच्याकडे बघितलं नाही. मुद्दाम. गब्दूचा एक मोजा सुटून लोंबकळत होता, तो मी नीट करत बसले. सही केली तर काही बिघडणार नव्हतं, तांबी बसलीच असती, आम्ही हसत घरी गेलो असतो. आणि तरी मी तो मोजा उगाचच दुसऱ्यांदा ओढला.

"नको मग," तो म्हणाला.

"अहो, तुमची हरकत आहे का?"

"नाही, हरकत... म्हणजे माझी हरकत असण्याचा..." तो अडखळला. कान लाल झाले. तो वाक्य शोधत होता आणि मी ते त्याला देणार नव्हते. शेवटी त्याने कागद उचलला, फिरवला आणि माझ्यापुढे ठेवला. "तिला विचारा. ती इथंच उभी आहे."

काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "मग काय करायचं, ताई?"

"आत पाठवा," मी म्हटलं.

बाईंनी खांदे उडवले, कागद ओढून घेतला आणि आतल्या नर्सला हाक मारली. मी गब्दूला त्याच्याकडे दिलं. ती आधी माझ्याकडे झेपावली, मग त्याच्या शर्टाची गुंडी तोंडात घेऊन मला साफ विसरली.

"भीती वाटतेय?" त्याने हळूच विचारलं.

"थोडी."

"मलाही."

"तुला कसली?"

"उगाच," तो म्हणाला. "तू एकटीने का घाबरायचं?"